सुखनिवासातून बोध हरवला

“‘सुप्रसिद्ध गुप्तहेर’ असं छाप,” श्यामसुंदर टिपणीस म्हणाले.

शरच्चंद्रने कागदावर लिहून घेतलं, त्याकडे क्षणभर पाहिलं आणि विचारलं, “सुप्रसिद्ध असाल, तर गुप्त कसे राहाल?”

टिपणीसांनी डोळे मिटले. मोठ्या माणसाला लहान शंकांचा त्रास होतो तेव्हा तो डोळे मिटतो, असं त्यांचं मत होतं. “बरं,” ते म्हणाले, “‘सुप्रसिद्ध’ बारीक खिळ्यात घे.”

शरच्चंद्र ठाण्याच्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचा. त्यामुळे आठवड्याभरात कार्डं तयार झाली: ‘श्यामसुंदर वि. टिपणीस, सुप्रसिद्ध गुप्तहेर. गरुडाची दृष्टी, मुंगीचं नाक, हत्तीची स्मरणशक्ती. भेटण्याची वेळ संध्याकाळी साडेसहानंतर. रविवारी दुपारी भेटू नये.’

उत्तरावहिनींनी, म्हणजे सौभाग्यवती टिपणीसांनी, कार्ड उलटसुलट पाहिलं. “अजगराची भूक राहिली,” एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

गुप्तहेरी हा टिपणीसांचा धर्म होता. पोटासाठी ते रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या कचेरीत कारकून होते. अकरा वर्षांत त्यांच्या हातून हजारो छत्र्या, शेकडो जेवणाचे डबे, एक तंबोरा आणि एक लाकडी पाय गेला होता. यातली एकही वस्तू त्यांनी शोधलेली नव्हती. सगळ्या आपल्या पायांनी चालत आल्या होत्या, लाकडी पायसुद्धा. पण रोज हरवलेल्या गोष्टींत बसून आपल्याला सापडण्याची विद्या आली आहे, असा त्यांचा ठाम समज होता.

शरच्चंद्र त्यांचा मदतनीस कसा झाला, हे सांगायला हवं. मुलुंडच्या सुखनिवास इमारतीत दुसऱ्या मजल्यावर टिपणीसांच्या दोन खोल्या होत्या आणि त्यांना एक गॅलरी होती. त्या गॅलरीत शरच्चंद्र राहायचा. त्या काळी मुंबईत वशिल्याने नोकरी मिळे, पत्रिकेने बायको मिळे, पण पाठ टेकायला जागा मिळायची तर पूर्वपुण्यच लागे. शरच्चंद्रचं पुण्य साडेपाच फूट बाय पावणेतीन फूट होतं. तो स्वतः साडेपाच फुटांहून दोन बोटं जास्त होता, म्हणून गुडघे दुमडून झोपायचा.

अडचण अशी की जिन्यावर इमारतीचे मालक अण्णासाहेब विजयकर यांनी तेलरंगात लिहून ठेवलं होतं: ‘पोटभाडेकरू ठेवू नये. ठेवल्यास दोघांनाही काढण्यात येईल.’ म्हणून शरच्चंद्र हा टिपणीसांचा मावसभाऊ होता आणि चार दिवसांसाठी आला होता. या चार दिवसांना आता अडीच वर्षं होत आली होती. टिपणीस त्याच्याकडून भाडं घेत नसत. त्याऐवजी त्याने त्यांच्या तपासात मदत करायची होती. नुसतं भाडं असतं तर परवडलं असतं, असं शरच्चंद्रला कधीकधी वाटायचं.

दर वर्षी दिवाळीच्या पाडव्याला संध्याकाळी सुखनिवासाच्या पटांगणात नाटक व्हायचं. त्या वर्षी पहिल्या मजल्यावरच्या पद्मजाबाईंनी नाटक लिहिलं. त्या शाळेत शिकवायच्या आणि त्यांना दर पाडव्याला सांगितली जाणारी बळीराजाची गोष्ट ठाऊक होती, तशी सुखनिवासाची पाण्याची वेळही ठाऊक होती. या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र केल्या. त्यांचा बळी म्हणजे मुंबईतला घरमालक. त्याच्या दारात वामन येतो, तो बेघर गिरणी कामगार. तो म्हणतो, “मालक, तीन पावलं जागा द्या.” मालक हसतो आणि देतो. पहिल्या पावलात वामन बैठकीची खोली व्यापतो, दुसऱ्यात स्वयंपाकघर. मग तिसरं पाऊल कुठे ठेवायचं, हा सवाल.

बळीचं काम अण्णासाहेबांकडे गेलं. जाणारच होतं, पटांगण त्यांचं, विजेचं कनेक्शन त्यांचं. भिंतीत खिळा ठोकायचा तरी लेखी अर्ज मागणारा हा माणूस दानशूर बळीराजा होणार, याचं कुणाला हसू आलं नाही. भाडेकरू मालकाला हसत नसतात.

वामनाचं काम दत्ताराम सावंतकडे आलं. तळमजल्याच्या मागच्या खोलीत राहणारा दत्ताराम परळच्या एका गिरणीत विणकर होता आणि उंचीने जवळजवळ सहा फूट होता. वामन बुटका असतो, अशी हरकत कुणीतरी घेतली. पण मागांच्या खडखडाटावर ओरडून ओरडून दत्तारामचा आवाज असा झाला होता की पटांगणातून बोलला तर पाच रस्त्याच्या नाक्यावर ऐकू जावं. लाऊडस्पीकरचा खर्च वाचत असेल तर उंच वामन चालेल, असं अण्णासाहेब म्हणाले.

शरच्चंद्र होता प्रॉम्प्टर. इमारतीत त्याचं अस्तित्व तसंही दिसू नये असंच होतं. विंगेत लपून कुजबुजायला त्याच्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता. त्याच्यावर भार मोठा होता, कारण अण्णासाहेब एक ओळ पाठ करत नसत. विंगेतून जे कानावर येईल ते छातीवर हात ठेवून म्हणून टाकत. एका तालमीत शरच्चंद्रला शिंक आली, तर बळीराजाही शिंकला होता.

राहता राहिला नाटकाचा शेवट, म्हणजे बोध. त्याबद्दल सुखनिवासात एकमत नव्हतं.

“भाडेकरूला पाऊल ठेवू दिलं की तो डोक्यावर बसतो,” अण्णासाहेब म्हणाले होते. “हाच या कथेचा बोध. पुराणात आहे.”

“ज्याच्याकडे हा, त्याने देऊचा,” म्हणजे असेल त्याने द्यावं, असं दत्तारामचं म्हणणं.

“दार उघडण्याआधी कोण आलंय ते बघावं,” उत्तरावहिनी म्हणाल्या.

पद्मजाबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, बत्तिसावं आणि शेवटचं पान लिहून ते शरच्चंद्रच्या हातात दिलं आणि बहिणीच्या बाळंतपणासाठी त्या नागपूरला गेल्या. छापखान्यात दिवाळी अंकांची घाई होती. शरच्चंद्रने पान न वाचताच बाकीच्या एकतीस पानांखाली ठेवलं, गठ्ठा गॅलरीतल्या ट्रंकेवर ठेवला आणि तो ठाण्याला पळाला.

वसुबारसेच्या संध्याकाळी तालीम रंगात आली. दत्ताराम गरजला, “राजा, दोन पावलांत तुझं घर संपलं! सांग, तिसरं पाऊल कुठे ठेवू?”

अण्णासाहेबांनी छातीवर हात ठेवला आणि विंगेकडे कान केला. शरच्चंद्रने एकतिसावं पान उलटलं. खाली काही नव्हतं.

“अरे देवा,” तो पुटपुटला, “पानच नाही!”

“अरे देवा!” बळीराजाने टाहो फोडला, “पानच नाही!”

“पान नको,” दत्ताराम गोंधळून म्हणाला, “जागा मागतंय मी.”

पुढची दहा मिनिटं सगळ्यांनी शोधाशोध केली. बत्तिसावं पान कुठेच नव्हतं. शेवटी शरच्चंद्र भीत भीत म्हणाला, “दोन ओळी मीच लिहून देऊ का?”

“अजिबात नाही!” अण्णासाहेब कडाडले. “मुलुंडातले पाच घरमालक पाहुणे म्हणून यायचे आहेत. आयत्या वेळी कुणी काहीबाही लिहून माझ्या तोंडी घालेल! मला बाईंच्या हस्ताक्षरातला बोध हवा. बोधाशिवाय नाटक नाही. पाडव्याच्या सकाळपर्यंत पान मिळालं नाही, तर मी स्वतः शोधायला निघेन. प्रत्येक खोली, प्रत्येक माळा, प्रत्येक गॅलरी!”

शेवटचा शब्द ऐकताच शरच्चंद्र मनातल्या मनात सामान मोजू लागला. गॅलरीत त्याची वळकटी होती, ट्रंक होती, दोरीवर दोन सदरे होते. चार दिवसांच्या मावसभावाकडे एवढं सामान नसतं.

तेवढ्यात गर्दीतून एक कार्ड पुढे आलं. “घाबरू नका,” टिपणीस म्हणाले. “मी आहे.”

आता मात्र शरच्चंद्र खरोखर घाबरला.

टिपणीसांनी लगेच वडिलांचं पोथी वाचायचं भिंग काढलं. त्यांच्या वरच्या ओठावर एक लालसर पट्टा होता, कारण त्याच सकाळी त्यांनी नाटकाच्या पेटीतली बळीराजाची मिशी डिंकाने चिकटवून, वेषांतर करून दुधवाल्याचा पाठलाग केला होता. दुधात पाणी कुठे पडतं ते त्यांना पाहायचं होतं. दुधवाल्याने अर्ध्या रस्त्यात मागे वळून ‘टिपणीससाहेब, आज अर्धा शेर जास्त देऊ का?’ असं विचारल्यामुळे तो तपास थांबला होता.

भिंगातून त्यांनी एकतिसावं पान न्याहाळलं, हातावर तोललं. “शरच्चंद्र, हे पान इतरांपेक्षा जड आहे.”

“बघू?”

“हात लावू नकोस! बोटांचे ठसे. नीट लक्षात घे. हलके विचार हलक्या कागदावर लिहितात. नाटक संपत आलं तसे बाईंचे विचार जड झाले, म्हणून त्यांनी जाड कागद घेतला. म्हणजे कागद दुसऱ्या दुकानातला. म्हणजे त्या दुकानात गेल्या. म्हणजे कुणीतरी त्यांना तिथे पाहिलं!” त्यांनी ते पान पुरावा म्हणून एका रिकाम्या बिस्किटांच्या डब्यात ठेवलं आणि तो डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर चढवला. तिथे उत्तरावहिनी असतात, म्हणजे चोवीस तास पहारा.

धनत्रयोदशीला सकाळी पहिला सिद्धान्त जन्मला. “पान अण्णासाहेबांनीच चोरलं,” टिपणीस कुजबुजले. “शेवटी दान द्यावं लागेल, या भीतीने. सगळं जुळतं.”

“मग विचारू या त्यांना?”

टिपणीसांनी भिंग खिशात घातलं. “शरच्चंद्र, गुन्हाशास्त्राचा एक नियम आहे. घरमालक कधीच गुन्हेगार नसतो.”

“हा नियम कुठला?”

“जिन्यावर लिहिलाय.”

दुसऱ्या सिद्धान्ताप्रमाणे पान स्वतः पद्मजाबाईंनीच नागपूरला नेलं होतं. टिपणीस पोस्टात गेले आणि त्यांनी तार केली. तारेत शब्दाला पैसे पडत असल्याने त्यांनी सगळं रहस्य दोन इंग्रजी शब्दांत बसवलं: ‘मॉरल लॉस्ट.’ दुसऱ्या दिवशी, नरकचतुर्दशीच्या सकाळी, अभ्यंगस्नानाच्या ओल्या केसांनी त्यांनी उत्तराची तार फोडली. पद्मजाबाईंनी एकाच शब्दात विचारलं होतं: ‘हूज?’

“कोणाचं, म्हणे!” टिपणीस म्हणाले. “किती धूर्त बाई! प्रश्नाला प्रश्नाने उत्तर.”

“अहो, त्यांना वाटलं असेल तुम्ही इमारतीतल्या कुणाच्या चारित्र्याबद्दल कळवताय,” आतून वहिनींचा आवाज आला. “पुन्हा सरळ तार करा, की शेवटचं पान हरवलंय.”

पण टिपणीसांच्या कानाला तेव्हा आतला आवाज ऐकू येत नव्हता. ते गॅलरीच्या कठड्यावरून खाली पाहत होते. खाली दत्तारामच्या दारात एक नवाकोरा आकाशकंदील लटकत होता.

“कंदील कशाचा करतात, शरच्चंद्र?”

“कामट्यांचा आणि कागदाचा.”

“कागदाचा!” टिपणीस ओरडले. “वामनाला बळीने शेवटचं वाक्य बोललेलं नको होतं! पडद्यापूर्वीची टाळी त्याला हवी होती!”

“टिपणीससाहेब, तो कंदील पतंगाच्या कागदाचा आहे. लाल आणि हिरवा दिसतोय.”

“वरून! आतून काय आहे?”

शरच्चंद्रने त्यांना थांबवायला हवं होतं. पुढे बरेच दिवस ही गोष्ट त्याला टोचत राहिली. पण गॅलरी टिपणीसांची होती, आणि ज्याच्या गॅलरीत आपण झोपतो त्याचा हात धरणं कठीण असतं. तो नुसता मागोमाग जिना उतरला.

दत्ताराम दारात फराळाला बसला होता, त्याची बायको विमला वाढत होती. सणाचा दिवस म्हणून सगळी इमारत खालीवर करत होती. त्या सगळ्यांसमोर टिपणीसांनी स्टुलावर चढून कंदील काढला आणि “कायद्याच्या नावाने!” असं म्हणत पेन्सिल तासायच्या चाकूने तो उभा चिरला.

आत एक पणती होती. तेल त्यांच्या धोतरावर सांडलं. दुसरं काहीही नव्हतं.

कुणी हसलं नाही. विमला खाली वाकून कामट्या गोळा करू लागली. दत्ताराम उठला. त्याचा तो पाच रस्त्यापर्यंत जाणारा आवाज त्या वेळी अगदी खाली गेला होता.

“माज्या बायलेन तीन दिस खपान केल्लो कंदील तो,” तो म्हणाला. “तुमका मी चोर दिसलंय, टिपणीसांनू?”

टिपणीस म्हणाले, “तपासात अशा गोष्टी... संशयाची दिशा...”

दत्ताराम आत गेला, वामनाची छत्री आणि कमंडलू घेऊन आला आणि त्याने दोन्ही वस्तू शरच्चंद्रच्या हातात ठेवल्या. “नाटक तुमचा तुमी करा.” दार लागलं.

आता पान नव्हतं आणि वामनही नव्हता. अण्णासाहेबांनी निरोप धाडला की परवा सकाळी आठ वाजता ते किल्ल्यांचा जुडगा घेऊन वरून सुरुवात करतील. शरच्चंद्रने त्या दिवशी दोरीवरचे सदरे काढले, घडी घातले आणि ट्रंकेत ठेवले. ठाण्याला छापखान्यातच यंत्राशेजारी झोपता येईल का, असं फोरमनला विचारायचं त्याने मनाशी ठरवलं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी उत्तरावहिनी चकल्यांचा दुसरा घाणा तळत होत्या. पहिला घाणा तपासात खर्ची पडला होता. विचार करताना टिपणीसांना काहीतरी कुरकुरीत लागायचं. कढईतून निघालेल्या चकल्या टाकायला कागद हवा होता. वर्तमानपत्र संपलं होतं. वहिनींनी फळीवरचा बिस्किटांचा डबा उघडला, आतलं जाड पान काढलं, कोरी बाजू वर करून पाटावर पसरलं आणि त्यावर एक झारा गरम चकल्या ओतल्या.

“अगं! पुरावा!” टिपणीस धावले.

“जाड आहे, तेल छान ओढतंय,” वहिनी म्हणाल्या. मग त्या खाली वाकल्या. “अहो, यातून अक्षरं वर येतायत बघा.”

खरंच येत होती. तेल मुरत गेलं तसा कोरा कागद काचेसारखा झाला आणि आतून निळ्या शाईच्या ओळी उमटू लागल्या.

“गुप्त लिपी!” टिपणीसांनी भिंग काढलं. “मोडी नाही, फारसी नाही! हे आंतरराष्ट्रीय प्रकरण आहे, शरच्चंद्र!”

शरच्चंद्रने एक नजर टाकली. उलटी अक्षरं वाचणं हा त्याचा रोजचा धंदा होता. खिळे उलटेच असतात. “मराठी आहे,” तो म्हणाला. “आरशातली. आणि हस्ताक्षर पद्मजाबाईंचं आहे.” त्याने चकल्या बाजूला केल्या, पानाचा कोपरा नखाने खरवडला. एकाची दोन पानं झाली. एकतिसाव्याच्या पाठीला बत्तिसावं पान पालथं चिकटलेलं होतं.

“चिकटलं कशाने?” टिपणीसांनी विचारलं.

वहिनींनी कोपऱ्याचा वास घेतला. “मिशीचा डिंक. वसुबारसेला सकाळी गॅलरीत ट्रंकेवर आरसा टेकवून मिशी कोण लावत होतं? आणि ‘बाटली कलंडली, फडकं दे’ असं कोण ओरडलं होतं?”

टिपणीसांनी एक चकली उचलली आणि परत ठेवली.

शरच्चंद्रने तेलकट पान उजेडात धरलं. त्यावर बळीराजाचं बोलणं फक्त दोन ओळींचं होतं: ‘तुझं पाऊल मोठं नाही रे बाबा, माझं घरच लहान होतं. ठेव डोक्यावर. घरात नाही, निदान डोक्यात तरी जागा होऊ दे.’ खाली कंसात ‘पडदा’.

“आणि बोध?” टिपणीसांनी पान उलटून पाहिलं. “बोध कुठाय?”

“तो लिहिलाच नसेल त्यांनी,” वहिनी म्हणाल्या. “मास्तरीण आहे, तिला ठाऊक असणार, कुणी ऐकत नाही ते.” त्यांनी एका ताटलीत चकल्या काढल्या आणि नवऱ्याच्या हातात दिल्या. “आता खाली जा.”

“अण्णासाहेबांना पान दाखवायला?”

“दत्तारामभावजींकडे.”

“अगं, शरच्चंद्रला पाठवू या. मदतनीस कशासाठी असतो?”

“कंदील मदतनीसाने फाडला होता?”

टिपणीस जिना उतरले तेव्हा शरच्चंद्र मागे होता, पण या वेळी दोन पायऱ्या अंतर ठेवून. दार विमलाने उघडलं. टिपणीसांनी घसा साफ केला. जिन्यात त्यांनी एक भाषण जुळवलं होतं, त्यात ‘परिस्थितिजन्य पुरावा’ हे शब्द दोनदा होते. दारातल्या मोकळ्या दोरीकडे त्यांचं लक्ष गेलं आणि भाषण कुठेतरी हरवलं.

“सावंत,” ते म्हणाले, “पान मीच चिकटवलं होतं. डिंक सांडला माझ्याकडून. मी गाढव आहे.”

दत्ताराम उठून दाराशी आला.

“हे मी कार्डावरसुद्धा छापून घेईन,” टिपणीस म्हणाले आणि त्यांनी चकल्यांची ताटली विमलापुढे केली. “वहिनी, मला कंदील करता येत नाही. पण शिकवलात तर करीन. आजच.”

विमलाने नवऱ्याकडे पाहिलं. मग ती आत जाऊन कामट्या, पतंगाचे कागद आणि चिकटवायच्या खळीची वाटी घेऊन आली. “खळ सांडू नका म्हंजे झालं,” ती म्हणाली.

दत्तारामच्या मिशीखाली काहीतरी हललं. “बसा,” तो म्हणाला. “कोपर आत घेवा. खोली आमची लहान हा.”

दिवेलागणीपर्यंत सुप्रसिद्ध गुप्तहेर जमिनीवर मांडी घालून कागद चिकटवत होते. कंदील असा झाला की तो नेमका किती कोनांचा आहे यावर इमारतीत दोन तट पडले. पण लागला आणि पेटला. छत्री आणि कमंडलू शरच्चंद्रने परत नेऊन दिले.

पाडव्याच्या सकाळी आठला अण्णासाहेब जुडगा घेऊन निघाले, तर जिन्याच्या तोंडाशीच टिपणीसांनी त्यांना तेलकट पान सादर केलं. अण्णासाहेबांनी हस्ताक्षर तपासलं, मजकूर काही वाचला नाही. संध्याकाळी सांगणारा आहेच, म्हणाले. झडती टळली; पण जुडगा त्यांनी खिशातच ठेवला. “गॅलऱ्या एकदा बघायच्याच आहेत,” ते म्हणाले. “पाडवा होऊ दे.”

संध्याकाळी पटांगण भरलं. पुढच्या खुर्च्यांवर पाच घरमालक, मागे सतरंज्यांवर पोरंबाळं, वर तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्यांतून माणसं लोंबलेली. अण्णासाहेब रेशमी उपरण्यात खरोखर राजे दिसत होते. तपास संपल्यामुळे मोकळ्या झालेल्या टिपणीसांकडे पडदा ओढायचं काम दिलं होतं. त्यात काही बिघडण्यासारखं नाही, असं सगळ्यांना वाटलं.

नाटक झकास चाललं. दत्तारामने तिसरं पाऊल उचललं. विंगेतून शरच्चंद्रने दोन ओळी कुजबुजून सांगितल्या. अण्णासाहेबांनी त्या जशाच्या तशा म्हटल्या आणि ते गुडघे टेकून बसले. पटांगण शांत झालं. एक म्हातारी डोळे पुसत होती.

पडदा पडला नाही.

पलीकडच्या विंगेत टिपणीस चुकीची दोरी जिवाच्या आकांताने ओढत होते. दत्ताराम एका पायावर उभा, दुसरं पाऊल राजाच्या मुकुटावर, आणि तोल जायच्या बेतात. शांतता लांबली, मग चुळबुळ सुरू झाली. अण्णासाहेबांनी मान न हलवता ओठांच्या कोपऱ्यातून विचारलं, “पुढे?”

पुढे काही नव्हतं. शरच्चंद्रच्या हातातलं पान संपलं होतं. त्याने वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या गॅलरीत शेजारची चार पोरं दाटीवाटीने उभी होती आणि मागे त्याच्या वळकटीचं एक टोक दिसत होतं. नंतर त्याने शपथेवर सांगितलं असतं की आपण ठरवून काही केलं नाही. तोंडातून निघून गेलं.

“आजपासून,” तो कुजबुजला, “या इमारतीत कोण कुणाच्या गॅलरीत झोपतो...”

“आजपासून,” बळीराजा गरजला, “या इमारतीत कोण कुणाच्या गॅलरीत झोपतो...”

“हे मी विचारणार नाही.”

“हे मी विचारणार नाही!”

वाक्य तोंडाबाहेर पडल्यावर ते अण्णासाहेबांच्या कानात शिरलं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलू लागला. शरच्चंद्रने डोळे मिटले.

आणि टाळ्या पडल्या. आधी वरच्या गॅलऱ्यांतून, मग सतरंज्यांवरून. शिट्ट्या झाल्या. सुखनिवासात प्रत्येक मजल्यावर एक-दोन मावसभाऊ होते, ते सगळे जीव खाऊन टाळ्या वाजवत होते. पाच घरमालक तेवढे हात मांडीवर ठेवून बसले होते. कुणीतरी ओरडलं, “वन्समोअर!” मग सगळं पटांगण ओरडलं.

अण्णासाहेबांच्या आयुष्यात त्यांना कुणी वन्समोअर दिला नव्हता. त्यांनी दत्तारामचं पाऊल हलकेच बाजूला केलं, उठून उभे राहिले, विंगेकडे ढुंकूनही न पाहता छातीवर हात ठेवला आणि ते सबंध वाक्य पुन्हा एकदा स्वतःच म्हटलं. तेवढ्यात टिपणीसांना बरोबर दोरी सापडली.

भाऊबिजेच्या सकाळी जिन्यावर पावलं वाजली. अण्णासाहेब दुसऱ्या मजल्यावर सहसा येत नसत. ते सरळ आत आले, गॅलरीच्या दारात उभे राहिले. त्यांनी वळकटी पाहिली, ट्रंक पाहिली, दोरी पाहिली. टिपणीस वर्तमानपत्राआड गेले. वहिनी ओचा खोचून दारात आल्या.

“ते शेवटचं वाक्य,” अण्णासाहेबांनी शरच्चंद्रला विचारलं, “बाईंच्या कागदावर होतं?”

खोटं बोलणं सोपं होतं. कागद तेलाने असा माखला होता की त्यात काय नव्हतं हे कुणालाच सिद्ध करता आलं नसतं.

“नव्हतं,” शरच्चंद्र म्हणाला.

अण्णासाहेबांनी बराच वेळ कठड्यावर बोटं वाजवली.

“टाळ्या त्यालाच पडल्या,” ते शेवटी म्हणाले. मग जरा वेळाने, “पावसाचं पाणी आत येतं इथे?”

“येतं.”

“हं.” ते वळले, जिन्याकडे गेले. शरच्चंद्र आणि वहिनी ऐकत उभे राहिले. खाली उतरता उतरता अण्णासाहेब ते वाक्य पुन्हा म्हणून बघत होते, या वेळी ‘गॅलरीत’ या शब्दावर थोडा जास्त जोर देऊन.